आधी आपलं नाव

आत्या, तुझ्या चेअरमनने तुझा हार खाल्ला.

सरपंच दत्तरावांनी आणलेला, चांगला जाडजूड, झेंडूचा. उपासना झाली तशी सगळी माणसं चहाकडे वळली आणि अंगणातल्या खुर्चीवर तुझा फोटो एकटाच राहिला. बोकड कोणी सोडला ते अजून कळलेलं नाही. पप्पा म्हणतात दावं सैल होतं. मला कौसल्याबाईंचा संशय आहे. वळून बघते तर चेअरमन फोटोसमोर उभा, तोंडातून झेंडूची माळ लोंबतेय, आणि काचेमागून तू त्याच्याकडे बघून हसतेयस. दत्तरावांनी एकदा बोकडाकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "सुशीलाकाकूच्या दारात पुढाऱ्याचं काही टिकलंय का आजवर?"

सगळे हसले. पप्पाही हसले. तुला माती दिल्यापासून पहिल्यांदाच.

तुला सगळं बारीकसारीक सांगावं लागतं हे मला ठाऊक आहे. मी कुणाच्या लग्नाहून आले की तू आधी जेवायला काय होतं ते विचारायचीस आणि मग कोण कोणाशी बोललं नाही ते. म्हणून लिहायला बसले आहे. समोर माणूस असलं की माझ्या तोंडून चार वाक्यं धड निघत नाहीत, कागदावर निघतात. शिवाय मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू मधेच उठून गेलीस. हे तुला शोभलं नाही.

तुझे शनिवार आठवतात. दिवस कलला की तू अंगण झाडून सतरंजी टाकायचीस. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि बाकीच्या घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेला स्तोत्रं वाचत, नाहीतर प्रेमाचे दाखले. तुला मात्र इब्री संदेष्टे लागायचे. जुन्या इस्राएलातली ती भणंग माणसं, जी राजासमोर उभी राहून सांगायची की देवानं तुला तोललंय आणि तू हलका भरलास. त्यांच्यावर तुझा जीव होता. तू ते असं वाचायचीस, की जणू कालच सेलूच्या बाजारात ऐकून आलीस.

"एक होता गुरामागं फिरणारा," तू सांगायचीस. "उंबराची झाडं राखायचा. राजाच्या देवळात जाऊन बोलला, तुमी गरिबाला चिरडायलात, तुमचं काय खरं न्हाई. तर तिथला पुजारी काय म्हनला? तू आपल्या गावाकडं जा अन् तिकडं बडबड कर. म्हंजे आपल्या तहसीलसारखंच. साहेब न्हाईत, उद्या या."

दुसरा एक खेड्यातलाच होता. पुढारी माणसांची कातडी सोलतात आणि हंडीत घालायच्या मांसासारखे त्यांचे तुकडे करतात, असं तो म्हणाला होता. ते तू नेमकं चुलीवर मटण शिजत असताना वाचायचीस. तिसऱ्यानं राखणदारांना मुकी कुत्री म्हटलं होतं, भुंकता न येणारी, झोपेची आवड असलेली. त्या शनिवारपासून आपल्या पिवळ्या कुत्र्याचं नाव सभापती पडलं. मग बोकडही पुढारी झाले. एक चेअरमन बाजारात गेला की दुसरा चेअरमन यायचा. "पद रिकामं ठेवायचं नसतं," तू म्हणायचीस.

माझी शाळा इंग्रजी. तिथे रोज सकाळी डोळे मिटून गोड प्रार्थना व्हायची. फुलं, पाखरं, इंद्रधनुष्य. तिथला देव म्हणजे चांगले मार्क मिळालेल्या मुलीकडे बघून मान हलवणारी कोणीतरी मोठी मिस. आणि शनिवारी तुझ्या सतरंजीवर बसलं की तोच देव अंगणात उभा राहून राजांना झापत असायचा. मला दोन वेगळे देव आहेत असंच कित्येक दिवस वाटत होतं. माझं मराठी वाचन तू त्याच पानांवर घडवलंस, त्यामुळे मला 'साय' म्हणजे काय हे कळायच्या आधी 'धिक्कार' हा शब्द येत होता. शाळेत 'माझे गाव' असा निबंध आला तेव्हा मी शेवटी लिहिलं होतं, की ग्रामपंचायतीने गटार दुरुस्त केले नाही तर तिच्या अंगणात कोल्हे फिरतील. पप्पांना शाळेत बोलावणं आलं. ते स्वतः मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांना जास्त लाज वाटली. तू मात्र तो निबंध कौसल्याबाईंना वाचून दाखवलास.

कौसल्याबाई तेव्हाही तशाच होत्या. माळावरच्या वस्तीतल्या अंगणवाडीताई, घर बौद्ध, देव मानत नाहीत आणि ते कुणालाही तोंडावर सांगतात. तरी शनिवारी संध्याकाळी त्या आपल्या अंगणात हजर. दारातल्या दगडाजवळ चपला काढायच्या आणि उभ्यानंच विचारायच्या, "आज कुणाला झोडपायलाय तुमचा देव?"

"राजाला," तू म्हणायचीस.

"मंग बसते."

राजाची पाळी नसली, कुठलं वंशावळीचं नाहीतर मंदिराच्या मापाचं प्रकरण असलं, तर त्या चहा पिऊन निघून जायच्या. एकदा जाता जाता मला म्हणाल्या होत्या, "देवबिव मी मानत न्हाई, पोरी. पन ह्यो चिडतो ते नेमका ज्याच्यावर चिडायला पाहिजे त्याच्यावर चिडतो. तेवढं मानते."

त्यांना सगळ्यांत आवडायचा मेंढपाळांचा अध्याय. तुलाही. लोकांना बाबेलला धरून नेलं, देश बुडाला, आणि त्या परमुलखात बसून एक संदेष्टा आपल्याच पुढाऱ्यांना जाब विचारतो. तुम्ही कळपाचे मेंढपाळ होतात ना? मग दूध तुम्ही प्यायलात, लोकर तुम्ही पांघरलीत, आणि लंगड्या मेंढराचा पाय कोणी बांधला? हरवलेल्याला शोधायला कोण गेलं? शेवटी देव म्हणतो, बास झालं. कळप मी तुमच्या हातून काढून घेतो. आता मीच जातो हुडकायला.

आपल्या घरात तो अध्याय वाचायचा एक नियम होता, तुझा. ज्याची वाचायची पाळी असेल त्यानं 'मेंढपाळांनो' या जागी आधी आपलं नाव घालायचं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ते झालं की मग खुशाल आमदाराचं घाला, मंत्र्याचं घाला, तुमची जीभ मोकळी. पण आधी आपलं नाव.

पप्पांना हा नियम कधीच आवडला नाही. एका थंडीत त्यांची पाळी आली आणि त्यांनी खाकरून वाचलं, "प्रकाश, तू लोकर पांघरलीस." आणि अंगात नवा स्वेटर. तू नुसतं त्या स्वेटरकडे पाहिलंस. ते वाचता वाचता तो काढायला लागले आणि डोकं त्याच्या गळ्यात अडकलं. कौसल्याबाई हसून हसून सतरंजीवर आडव्या झाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी अडून बसले. माझ्याकडे कुठे कोण मेंढरं आहेत, मी कशाला नाव घालू? मला चारचौघांत वाचायचं नव्हतं, एवढंच खरं कारण होतं. तुला ते कळलं असणार. तू उठलीस, गोठ्यातून एक लंगडं करडू उचलून आणलंस आणि माझ्या मांडीत ठेवलंस.

"ही घे. आता झालीस पुढारी."

मी तिचं नाव डेझी ठेवलं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीला दुसरं काय सुचणार. मग मी वाचलं, अगदी बारीक आवाजात, की रीना, तू मोडलेल्या पायाला पट्टी बांधली नाहीस. वाचता वाचता खाली बघितलं तर डेझीच्या पायाची चिंधी खरंच सुटली होती. मी वाचन तिथेच सोडून ती बांधायला लागले. तू सगळ्यांना गप्प बसवलंस. "थांबा," म्हणालीस, "उपासना चालू हाय."

हा नियम आला कुठून, ते तू कधी सांगितलं नाहीस. कौसल्याबाईंनी सांगितलं, तेही तुझ्यासमोर, तू शेळीचं दूध काढत असताना. तू सरपंच होतीस तेव्हाची गोष्ट. जागा बाईसाठी राखीव झाली होती आणि गावाला कुणाशी वैर नसलेली, शिकलेली बाई हवी होती. तुझ्या त्या वर्षांत पाऊस गेला. टँकर यायचा आणि सगळं पाणी आपल्या दारासमोरच्या विहिरीत ओतून निघून जायचा. मग पोहरे पडायचे. सरपंचबाईंचा पहिला, मानाचा. मग जवळच्या गल्ल्यांचे. माळावरची माणसं घागरी घेऊन चालत येईपर्यंत तळ ढवळून निघालेला असायचा.

"दोन उन्हाळे आमी ते चहासारखं पानी गाळून पेलो," कौसल्याबाई म्हणाल्या. "मंग म्हनलं, आता हिलाच पाजते. घागर भरली अन् आले शनिवारची हितं. ही बसलेली पोथी घेऊन. म्हनलं, सरपंचबाई, पानी आणलंय, प्या. तर ही माझ्याकडं बगती अन् पोथीकडं बगती. माझ्याकडं बगती अन् पोथीकडं बगती. मला वाटलं, हिला फीट आली!"

"तेच वाचत होते ना मी," तू शेळीच्या पोटाआडून म्हणालीस. "तगडी मेंढरं निवळ पाणी पितात अन् बाकीचं पायानं गढूळ करतात."

"मला काय मालूम तुमच्यात काय लिहिलंय!"

"मग पेले की मी."

"पेली. अन् वर आनखी मागितलं. मीच म्हनलं, बाई, पुरं, मरशील."

त्या संध्याकाळी तू तो अध्याय पहिल्यापासून पुन्हा वाचलास, मेंढपाळांच्या जागी 'सुशीला' घालून. तोच नियम झाला. पुढचा टँकर आधी माळावर गेला. जवळच्या गल्ल्या खवळल्या. ज्या बायका तुला वाटीभर लोणचं आणून द्यायच्या त्यांनी दारं लावून घेतली, आणि पुढची निवडणूक तू सपाटून हरलीस. लोक तुझं सांत्वन करायला आले तर तू त्यांनाच चहा पाजून सांगितलंस, "कळप हातून काढून घेतला. निकाल अगदी शास्त्राप्रमाणं लागलाय."

आपलं भांडण इथलं. मी मोठी झाले, सेलूला शाळेत शिकवायला लागले, तरी ते चालूच राहिलं. फोनवर, चुलीपुढे, बसस्टँडवर गाडीची वाट बघताना. तुला वाटायचं तुझी हार हा देवाचा न्याय होता. मला वाटायचं तो सरळसरळ अन्याय होता.

"तू टँकर माळावर नेलास म्हणून पडलीस," मी म्हणायचे. "चांगल्या कामाची शिक्षा झाली तुला. यात देवाचा न्याय कुठून आला?"

"अन् त्याच्या आधीचे उन्हाळे? ते कुणाच्या नावावर घालू?"

"पण कळल्यावर तू बदललीस ना!"

"मला कळलं न्हाई, रीना. मला आणून पाजावं लागलं. मेंढपाळानं मेंढरं बघायला जायचं असतंय. मेंढरानं मेंढपाळ हुडकत यायचं नसतंय."

"तू स्वतःशी फार कठोर वागतेस, आत्या."

"उलट मला बरं वाटतंय त्यात."

"बोलणी खाऊन बरं वाटतं?"

तेव्हा तू हातातलं काम थांबवलंस. पालक निवडत होतीस, आठवतं. "मला कुणी जाब विचारायलंय," तू म्हणालीस, "म्हंजे माळावरल्यांना कुणीतरी वाली हाय. मी नीट वागले न्हाई तरी हाय. मी पडले, उद्या मेले, तरी हाय. ते आठवलं की झोप लागती मला."

काहीतरी सुटतंय एवढंच वाटत होतं. तुझा सगळा हिशेब बरोबर होता आणि तरी त्यात एक माणूस राहून गेलं होतं, पण ते कोण हे मला सांगता येईना. आपल्या शेवटच्या फोनवर मी म्हटलं, मला अजून पटलेलं नाही. तू म्हणालीस, "शनिवारी ये. समोर बसून भांड. फोनवर काय भांडायलीस, चेअरमनलाबी ऐकू दे की." शनिवारी मी आले तेव्हा अंगणात लोक जमलेले होते आणि सतरंजी दुसऱ्याच कुणीतरी टाकली होती. सकाळी शेळ्यांना पाला टाकताना तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस, असं पप्पांनी सांगितलं. सभापती म्हणे तेव्हा भुंकला. सगळ्या जन्मात एकदाच.

मातीच्या दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. ते टोपी हातात फिरवत बसले होते, म्हणजे काहीतरी अवघड सांगायचं होतं. तू त्यांच्याकडून आधीच वचन घेऊन ठेवलं होतंस. तुझ्या मागे होणाऱ्या उपकारस्तुतीच्या उपासनेला स्तोत्र नको. मेंढपाळांचा अध्याय वाचायचा, सुशीलाचं नाव घालून. आणि वाचायचा रीनानं.

पप्पा उभेच राहिले. "आक्काच्या उपासनेत आक्कालाच धिक्कार? सगळं गाव येणार. दत्तराव येणार, माळावरचे येणार. लोक म्हणतील, ह्यांच्या देवानं मेल्यावरही हिला सोडलं नाही."

"मलाही जड जातंय, प्रकाशराव," पाळकसाहेब म्हणाले. "पण त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंय."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या, तू हे मुद्दाम केलंस. मी माइकपुढे उभी राहत नाही, वर्गात हजेरीसुद्धा हळू आवाजात घेते, हे तुला माहीत होतं. शिवाय नाव घालून वाचलं तर तुझंच बरोबर होतं असं मी गावासमोर कबूल केल्यासारखं होणार. नाव गाळलं तर तुझी शेवटची इच्छा मोडणार. तू मेल्यावरही भांडण जिंकायची सोय करून ठेवलीस.

"वाचते," मी म्हटलं.

"काय?" पप्पांना ऐकू आलं नव्हतं.

"वाचते."

"वाच. पण नाव घालू नको. माझं ऐक."

पुढच्या रविवारी अंगण भरलं. मांडवाच्या एका बाजूला जवळच्या गल्ल्यांतल्या बायका बसल्या, त्याच, लोणचंवाल्या. दुसऱ्या बाजूला माळावरची माणसं. पुढे खुर्चीवर दत्तराव, पांढऱ्या कपड्यांत. कौसल्याबाई मांडवात आल्याच नाहीत, आपल्या नेहमीच्या दगडाजवळ बसल्या. मी पवित्र शास्त्र उघडून अध्याय काढला. पप्पा पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होते. नको, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

मग मला आठवलं की नियमाप्रमाणे तुझं नाव पहिलं येतच नाही. आधी वाचणाऱ्याचं.

"रीना," मी वाचलं. माझाच आवाज मला परका वाटला. "रीना, धिक्कार असो तुला. मागे राहिलेल्याला तू हाक मारली नाहीस." मला माझा दुसरीचा वर्ग दिसला. शेवटच्या बाकावरची, माझा आवाज न पोचणारी मुलगी दिसली. मांडवात चुळबुळ झाली. लोकांना कळेना, ही पोर स्वतःलाच काय बोलायली.

आणि पप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "माझंही घाल."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"घाल," ते म्हणाले. "प्रकाश. आक्काचा नियम आहे. घाल."

मी घातलं. मग दत्तराव हसल्यासारखं करत म्हणाले, "आमचंबी येऊ द्या त्यात. न्हाईतर लोक म्हनतील सरपंच सुटला." कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांचंही हसू गेलं आणि त्यांनी मान खाली घातली. मी त्यांचंही नाव वाचलं. त्या तीन नावांच्या मागे तुझं नाव आलं, आत्या, आणि ते वाचायला जड गेलं नाही. एकटं नव्हतं ते. सुशीला, तू निवळ पाणी प्यायलीस. अध्यायात पुढे असलेलं हे वाक्य मी तिथेच वाचलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींकडे न बघता खाली बघत होत्या.

पुढारी संपले, तशी मी थांबले. तिथपर्यंतच वाचायचं ठरवून आले होते. पुस्तक मिटणार तेवढ्यात दगडाजवळून आवाज आला.

"थांबली कामून? निम्म्यातच?"

पाळकसाहेब दचकले.

"फुडं वाच की. तो मंग सवता निघतो ना मेंढरं हुडकायला. मला पाठ हाय ते." कौसल्याबाई उभ्या राहिल्या होत्या. "अन् तिथंबी सुशीलाचं नाव घाल. झोडपताना घातलंस, आता तिथंबी घाल. टँकर घेऊन माळावर कोण आलं? आमाला हुडकत तीच आली."

माळावरच्या माणसांतून "खरं हाय" असं कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तुझा चेहरा दिसत होता, फोटोतला नाही, खरा. कारण त्या जागी, देवाच्या जागी, नाव घालायला तू कडक मनाई केली होतीस. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तर तू म्हणालीस, "त्या जागी आपलं नाव घालायला गेले म्हनून तर ते पुढारी खड्ड्यात गेले." म्हणजे कौसल्याबाईंचं ऐकलं तर तू चिडणार, आणि नाही ऐकलं तर तुला झोडपून वर अर्ध्यात सोडून दिल्यासारखं होणार. मी ओळीवर बोट ठेवून उभी राहिले. बोटाखाली शब्द होता: हरवलेलं.

आणि मला दिसलं, आत्या, तुझ्या हिशेबात कोण राहून गेलं होतं.

मी वाचलं, "हरवलेल्या सुशीलाला मी शोधीन. बहकलेल्या सुशीलाला परत आणीन. सुशीलाचा मोडलेला पाय मी बांधीन, आणि तिला चांगल्या कुरणात निजवीन."

आवाज थरथरला असेल, पण मागपर्यंत पोचला. पप्पा रुमालात तोंड घालून रडत होते.

"असं व्हय," कौसल्याबाई म्हणाल्या. "हेबी चालतंय." आणि खाली बसल्या.

तर माझी बाजू ही. तू इतकी वर्षं त्या अध्यायात आपलं नाव एकाच ठिकाणी शोधलंस, मेंढपाळांत. जाब विचारणारा माळावरल्यांचा वाली आहे म्हणून तुला झोप लागायची. पण तूही त्याच कळपातली होतीस ना? ज्यांनी दारं लावून घेतली त्यांच्यासमोर हसत चहा केलास, तेव्हा तुझाही पाय मोडला होता. तो कुणी बांधला ते तू कधी बोलली नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. मी नुसती निकाल चुकला, निकाल चुकला म्हणत भांडत बसले. निकाल कदाचित तू म्हणतेस तसाच असेल. पण तो अध्याय निकालावर संपत नाही, हे तुला सांगायचं राहिलं. आता यावर तुझं उत्तर ऐकायचंय मला. तू म्हणशील, पोरी, तू नियम मोडलास. मग मी म्हणेन, मोडला नाही, पुढे नेला. मग तू म्हणशील, ही इंग्रजी शाळेची हुशारी. असं आपलं कितीतरी वेळ चाललं असतं.

चहाच्या वेळी एक गंमत झाली. लोणचंवाल्यांपैकी एक, सगळ्यांत म्हातारी, माळावरच्या बायकांकडे कपांचा ट्रे घेऊन गेली. नुसता ट्रे धरला आणि सगळ्यांचे कप उचलून होईपर्यंत उभी राहिली. त्याच गडबडीत कोणीतरी चेअरमनला सोडलं. दत्तराव जाताना मला म्हणाले, "मॅडम, पुन्हा वाचलं तर आमचं नाव घाला, आमची ना न्हाई. फकस्त इलेक्शनच्या तोंडावर नका वाचू." गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा म्हणाले, "माळावरली पाइपलाइन बघतो मी." बघतील का माहीत नाही. कौसल्याबाईंनी मात्र ऐकलंय, म्हणजे बघावी लागेल.

शेळ्या सध्या पप्पा सांभाळतात. शाळा सुटली की त्यांच्यामागे फिरतात आणि त्यांना विद्यार्थ्यांसारखं रागावतात. डेझीच्या नातीला मात्र मी सेलूला नेणार होते, पण घरमालक नको म्हणाले. म्हणून मीच आता दर शनिवारी इकडे येणार. दुसरीच्या वर्गात मी परवा शेवटच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले आणि हजेरी तिथून घेतली. तू विचारशील म्हणून सांगितलं.

काल शनिवार होता. मी अंगण झाडलं, तुझ्यासारखं नाही जमलं, पण झाडलं. सतरंजी टाकली. वाचायचं की नाही ते ठरत नव्हतं. पप्पा आतच होते. तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. कौसल्याबाई. दगडाजवळ उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात, जणू तू आत चहा करतेयस, म्हणाल्या, "आज कुणाला झोडपायलाय तुमचा देव?"

मला वाटलं होतं मी रडेन. पण तू असतीस तर जे म्हणाली असतीस, ते मी म्हटलं.

"आधी मला."

"मंग बसते," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि बसल्या.